रविवारचं मटण आणि तापलेली धरती

आमच्याकडे रविवार म्हणजे मटण! कोल्हापूर जिल्ह्यातलं घर, तांबडा-पांढरा झाल्याशिवाय रविवार वाटतच नाही. पण मागच्या महिन्यात सुट्टीवर आलेल्या लेकीने वाटी बाजूला सारली. "आई, मटणामुळे पृथ्वी तापतेय. मी नाही खाणार."

सासूबाई म्हणाल्या, "चुलीनं स्वयंपाकघर तापतं, ते मला ठाऊक आहे. मटणानं पृथ्वी कशी गं तापेल?" उत्तर मलाही येईना. मग वाचायला बसले.

गाय, म्हैस, शेळी, मेंढी ही रवंथ करणारी जनावरं. त्यांच्या पोटात चारा आंबतो, मिथेन वायू तयार होतो आणि मुख्यतः ढेकरेवाटे बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. शिवाय कुरणांसाठी ॲमेझॉनचं जंगल तोडलं जातं ते वेगळंच. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार, माणसामुळे हवेत जाणाऱ्या अशा वायूंपैकी सुमारे १२ टक्के पशुपालनातून येतात.

जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक या संशोधकांनी २०१८ मध्ये जगभरातल्या शेतांचा हिशेब मांडला. १०० ग्रॅम प्रथिनं मिळवायला मांसासाठी पाळलेल्या गुरांपासून सरासरी ५० किलो, शेळी-मेंढीच्या मटणातून २०, कोंबडीतून सुमारे ६, अंड्यातून ४ किलो कार्बन डायऑक्साइडइतके वायू हवेत जातात. आणि डाळी-कडधान्यांतून? एक किलोसुद्धा नाही!

हे सगळं मी मोठ्या उत्साहाने आमच्या बचत गटाच्या बैठकीत सांगितलं. आमच्या गटातल्या बऱ्याच जणींनी कर्ज काढून शेळ्या घेतल्यात, हे बोलण्याच्या भरात विसरलेच. एक जण उठली. "ताई, माझ्या दोन शेळ्या बांधावरचा पाला खात्यात. पोरीची फी त्यांच्यावरच भरली. मी कुठलं जंगल तोडलं वो?"

मी गप्पच झाले. खरं होतं तिचं. शेळी रवंथ करते, म्हणजे मिथेन सोडतेच; पण दोन शेळ्या पाळणारी बाई आणि जंगल जाळून हजारो गुरं पोसणारा मालक यांना एकाच तराजूत कसं तोलायचं? रोज मांस खाणाऱ्या श्रीमंत देशांपुढे आपलं रविवारचं मटण ते किती!

पण म्हणून हात झटकूनही चालणार नाही. 'आम्ही शाकाहारी, आमचा काय संबंध?' असं म्हणणाऱ्या मैत्रिणींनो, जरा थांबा. दूध उत्पादनात आपला देश जगात पहिला. २०१९ च्या पशुगणनेत गायी-म्हशी मिळून ३० कोटींच्या वर होत्या. त्याही रवंथ करतात. म्हणजे आपल्या चहातही थोडा मिथेन आहेच!

एक दिलासा मात्र आहे. मिथेन हवेत साधारण बारा वर्षंच टिकतो. आज तो कमी केला, तर त्याचा गुण आपल्या मुलांच्या तरुणपणीच दिसेल.

म्हणून आम्ही घरात तह केला. एक किलोऐवजी अर्धा किलो मटण, तेही एक रविवार सोडून. मधल्या रविवारी अख्खा मसूर नाहीतर अंड्याची आमटी. आणि शिळं फेकायचं नाही, कारण कचऱ्यात कुजणारं अन्नही मिथेनच सोडतं. गटात ज्यांच्या गोठ्यात दोन-चार जनावरं आहेत, त्यांच्यासाठी गोबर गॅसची चौकशी सुरू केली आहे. शेणातला वायू हवेत जाण्यापेक्षा चुलीत जळलेला बरा, सरपणही वाचेल.

पहिल्या मसुराच्या रविवारी सासूबाईंनी दोनदा वाढून घेतलं. वर म्हणाल्या, "आमच्या लहानपणी मटण सणालाच मिळायचं गं. त्याची चवही जास्त लागायची."

लेक माझ्याकडे बघून नुसती हसली.