गांडूळ, देवगांडूळ आणि वाळा

पावसाळ्यात कोकणातल्या बागेत आळी करताना किंवा शेणखताचा ढीग उपसताना मातीतून काहीतरी वळवळत बाहेर येतं. वीतभर लांब, पाय नाहीत, डोळे जेमतेम दिसणारे. कुणी म्हणतं गांडूळ, कुणी म्हणतं सापाचं पिल्लू, आणि निर्णय होण्याआधीच फावड्याचा घाव बसतो. तो जीव खरं तर तिघांपैकी कुणीही असू शकतो: गांडूळ, देवगांडूळ किंवा वाळा. दिसायला भावंडं, पण प्राणिसृष्टीत एकमेकांपासून फार लांबचे.

गांडुळाच्या अंगात एकही हाड नाही. त्याचा मुख्य चेतारज्जू पोटाच्या बाजूने जातो. उरलेल्या दोघांना कवटी आहे, जबडा आहे, मेंदूपासून निघून पाठीतून जाणारा मेरुरज्जू आहे आणि त्याला जपणारे मणके आहेत. म्हणजे मातीत राहणारे हे दोघे गांडुळापेक्षा माणसाच्या जास्त जवळचे.

हे नातं सर्वांत स्पष्ट दिसतं ते गर्भावस्थेत. प्रत्येक पृष्ठवंशीय प्राण्याच्या गर्भात पाठीशी पृष्ठरज्जू नावाचा लवचिक दांडा तयार होतो, घशाच्या दोन्ही बाजूंना खाचा उमटतात, गुदद्वारामागे शेपटी दिसू लागते. माणसाचा गर्भही याला अपवाद नाही. पुढे बहुतेकांत पृष्ठरज्जूची जागा मणके घेतात. मणके किती, याला मात्र नियम नाही. बेडकाच्या पाठीत ते जेमतेम नऊ असतात, अनेक सापांत दोनशेच्या वर.

आता देवगांडूळ. हा बेडकाचा नातलग, म्हणजे उभयचर. त्वचा ओलसर, बुळबुळीत, अंगभर वलयं. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये वास घ्यायला मदत करणारी इवलीशी स्पर्शिका. काही जातींच्या अळ्या पाण्यात वाढतात, काहींची पिल्लं अंड्यातच पूर्ण घडतात. कोकणातून 2003 साली नोंदवलेली गेगेनिओफिस शेषाचारी ही जात तर थेट पिल्लांना जन्म देते. आशियातल्या उभयचरात असं प्रथमच आढळल्याचं 2008 साली प्रसिद्ध झालं. आंबोलीतल्या आणखी एका जातीला मुंबईचे निसर्गअभ्यासक जे. सी. डॅनियल यांचं नाव दिलेलं आहे. एवढी दुर्मीळ संपत्ती आपल्या अंगणात आहे आणि ती आपण साप समजून ठेचतो, याचं वाईट वाटायला हवं.

वाळा मात्र खरोखरच साप आहे, पूर्ण बिनविषारी. अंगावर कोरडे, चकचकीत खवले. मुंग्यांची आणि वाळवीची अंडी हे त्याचं खाणं. या जातीत नर आढळलेलाच नाही. मादी एकटीच प्रजा वाढवते. खवल्यांमुळे त्याच्या अंगातलं पाणी सहज उडून जात नाही आणि कवचाच्या अंड्यात गर्भाभोवती पाण्याची पिशवी असते. सरपटणाऱ्या प्राण्यांनी पाण्याकाठची सक्ती सोडली ती याच बळावर.

दिसण्यावर जाणारे थोर शास्त्रज्ञही फसले. लिनियसने 1735 साली देवमासा माशांत घातला होता. 1758 साली त्याला सस्तन प्राण्यांत आणलं. फुप्फुसं, गरम रक्त आणि पिल्लाला दूध, हा पुरावा निर्णायक होता.

शाळेत शिकवले जाणारे मत्स्य, उभयचर, सरीसृप, पक्षी आणि सस्तन हे पाच वर्ग सोयीचे आहेत, पण नातेसंबंध थोडे गुंतागुंतीचे. ज्ञात पृष्ठवंशीयांपैकी निम्म्या जाती माशांच्याच आहेत, आणि त्यांतही मुशीचा सांगाडा कूर्चेचा, तर बांगड्याचा हाडांचा. मगर सरड्यापेक्षा पक्ष्याला जवळची आहे. दोघांच्या हृदयाला चार कप्पे असतात.

तेव्हा यंदा माती उपसताना असं काही निघालं, तर हात आवरा. ओळख पटत नसेल तर न हाताळता सर्पमित्राला बोलवा. अंगावर वलयं आणि ओल दिसली, तर पुन्हा ओली माती ओढून त्याला त्याच्या जागी राहू द्या.