वर्गमूल्यमापन आणि स्मरणधारणा

शिकविलेल्या आशयापैकी विद्यार्थ्याने किती आत्मसात केले, हे अध्यापन चालू असतानाच अजमावण्याच्या पद्धतींना वर्गमूल्यमापन म्हणतात. तोंडी प्रश्न, घटक चाचणी, प्रात्यक्षिक, प्रकल्प, स्वाध्याय, निरीक्षण ही त्याची परिचित साधने होत. यांची निवड बहुधा गुणदानाच्या सोयीने केली जाते. वस्तुतः चाचणी ही केवळ मोजपट्टी नसून ती स्वतःच स्मरण दृढ करणारी क्रिया आहे.

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक शब्दावयव स्वतः पाठ करून १८८५ मध्ये विस्मरणाचे मापन प्रसिद्ध केले. पाठांतरानंतरच्या पहिल्या काही तासांत विस्मरण सर्वाधिक वेगाने होते व पुढे त्याची गती मंदावते, असे त्यास आढळले. या विस्मरणास चाचणीने आळा बसतो, हे हर्बर्ट स्पिट्झर याने अमेरिकेच्या आयोवा राज्यातील सहावीच्या सु. साडेतीन हजार विद्यार्थ्यांवरील प्रयोगातून १९३९ मध्ये दाखविले. हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिक यांचा २००६ मधील प्रयोग विशेष उद्‌बोधक आहे. विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला, दुसरा आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतर पुन्हा वाचलेल्या उताऱ्यातील ८१ टक्के व आठवून लिहिलेल्या उताऱ्यातील ७५ टक्के आशय सांगता आला. मात्र आठवड्यानंतर हेच प्रमाण अनुक्रमे ४२ व ५६ टक्के झाले. पुनर्वाचनाने मजकूर ओळखीचा वाटतो आणि ही ओळखच विद्यार्थी ज्ञान समजून बसतो. परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या वाचनाचे यश अल्पजीवी का असते, याचा उलगडा यातून होतो.

महाराष्ट्रात दिवेलागणीस परवचा म्हणण्याची प्रथा होती. पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, दीडकी रोज म्हणून घेतली जाई. अंतराअंतराने स्मरणास ताण देण्याचे तत्त्व तीत आपोआप पाळले जाई. तिला घोकंपट्टी म्हणून सरसकट त्याज्य ठरविणे योग्य नाही. तिचा खरा दोष सामूहिक घोषात आहे : एका सुरात म्हणताना मागे राहिलेले मूल शेजाऱ्याच्या ओठांवरून शब्द उचलते, स्वतः काहीच आठवत नाही. ‘सात नव्वे किती?’ असा सुटा प्रश्न एकेकट्यास विचारल्यावरच उणीव उघडी पडते.

प्रश्नाचे स्वरूपही निर्णायक असते. योग्य पर्याय निवडताना उत्तर केवळ ओळखावे लागते. उत्तर लिहिताना ते स्मृतीतून काढावे लागते. उदा., सोलापूर जिल्ह्यातील प्रमुख रब्बी पीक कोणते, या प्रश्नास पर्यायांतून ‘ज्वारी’ निवडणारा विद्यार्थी तेथे रब्बीचाच हंगाम महत्त्वाचा का, हे सांगू शकेलच असे नाही. पर्जन्यछायेचा प्रदेश, बेभरवशाचा मोसमी पाऊस, परतीच्या पावसाची ओल धरून ठेवणारी काळी जमीन, हा कार्यकारणभाव पुस्तक मिटून चार ओळींत लिहिल्यास तो टिकतो. पर्यायी प्रश्न सर्वस्वी निरुपयोगी नव्हेत. चुकीचे पर्याय विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या गैरसमजांतून घेतल्यास तेही विचारास भाग पाडतात.

सोलापूर शहरात तेलुगू, कन्नड किंवा उर्दू मातृभाषा असलेली मुले बरीच आहेत. मराठी माध्यमात शिकणाऱ्या अशा मुलास आशय आठवत असूनही लिहिता येत नाही, आणि लेखी चाचणी भाषेची उणीव विषयाच्या खाती मांडते. प्रारंभीच्या इयत्तांत तोंडी उत्तर, आकृती वा प्रत्यक्ष कृती यांची जोड देणे येथे केवळ सवलत नसून अचूक मापनाची अट आहे.

महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झाले. त्यातील आकारिक मूल्यमापनाची साधनविविधता स्वागतार्ह होती. परंतु पुष्कळ ठिकाणी नोंदवह्या भरण्याचे काम अध्यापनाहून जड झाले. डिसेंबर २०२३ मध्ये पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षेची तरतूद करण्यात आली. वर्षाअखेरच्या परीक्षेने मापन होते, धारणा मात्र वर्षभराच्या छोट्या, शक्यतो बिनगुणांच्या चाचण्यांवरच अवलंबून राहते.

माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर संकेत जोडून कविता, चित्रफिती व स्वाध्याय विद्यार्थ्यांच्या हाती दिले. त्यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. अशा साधनाने घरी स्वाध्याय करणे सुकर होते. मात्र चित्रफीत पुन्हा पाहणे हेही एक प्रकारचे पुनर्वाचनच होय. तिच्यानंतर प्रश्न यावा लागतो.

वेळापत्रकात पाठानंतर दुसऱ्या दिवशी, आठवड्याने व महिन्याने त्याच आशयावर दोन-तीन प्रश्न ठेवावेत आणि नव्या घटकाच्या चाचणीत जुन्याचे काही मिसळावेत. उत्तरे त्याच तासाला तपासली जाणे आवश्यक असते, कारण न दुरुस्त झालेले चुकीचे उत्तरही पक्के होऊ शकते. पट मोठा असल्यास वह्यांची अदलाबदल करून, फळ्यावरील उत्तराशी ताडून, हे काम पाच मिनिटांत उरकता येते.