बोनागीलच्या तोफा कोणावर रोखल्या होत्या?

फ्युमेल, नैऋत्य फ्रान्स : पेरिगोर आणि केर्सी या दोन जुन्या प्रांतांच्या सीमेवर, रानात बुडालेल्या एका खडकाच्या सोंडेवर बोनागीलचा किल्ला आहे. त्याच्याविषयीचे प्रचलित मत एका वाक्यात सांगता येते : काळाचे भान सुटलेल्या एका सरदाराचा हा हट्ट. मत वरवर पाहता बिनतोड आहे. शंभर वर्षांच्या युद्धात इंग्रजांचा निकाल कास्तियोंच्या लढाईत लागला तो 1453 मध्ये, आणि बेरांजे द रोकफयने इथली मुख्य बांधकामे काढली त्यानंतर पाव शतक उलटल्यावर. ती सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चालली. 1518 मध्ये लोआरच्या खोऱ्यात आझे-ल-रिदोचा देखणा, भरपूर खिडक्यांचा प्रासाद उभा राहू लागला, तेव्हा बेरांजेकडे मात्र खंदक, उचलते पूल आणि जाडजूड बुरूज होते. बेरांजे 1530 मध्ये वारला. त्याच्या हयातीत कोणी वेढा घालायला आले नाही.

पण ही वास्तू नीट पाहिली की 'जुनाट' हा शब्द टिकत नाही. पठाराला जोडलेली बाजू सर्वांत कच्ची, म्हणून तिथे मुख्य किल्ल्यापासून तोडलेली स्वतंत्र बार्बिकन, म्हणजे दाराआधीचा छोटा किल्लाच. भिंतींत तोफा-बंदुकांसाठी शंभराच्या आसपास जंग्या. त्यांतल्या बऱ्याच मुद्दाम खाली, खंदकाच्या पातळीजवळ, कारण खंदकात उतरलेल्या माणसावर उंचावरून नेम धरता येत नाही. बालेकिल्ल्याचा मनोरा तर जहाजाच्या नाळेसारखा निमुळता, म्हणजे त्यावर आदळणारा गोळा तिरका निसटावा. हे सगळे तोफ पाहिलेल्या, तोफेचा विचार केलेल्या माणसाचे काम आहे. मग ज्याला तोफ कळत होती, त्याला राजाचा जड तोफखाना अशा भिंतींचे काय करतो हे कळत नसेल? 1494 मध्ये फ्रान्सचा राजा आठवा शार्ल तोच तोफखाना घेऊन इटलीत उतरला होता. बेरांजेच्या नावावर एक बढाई सांगतात : हा किल्ला ना माझी रयत घेईल, ना इंग्रज, ना राजाचे शिपाई. ती त्याचीच असो वा मागाहून चिकटलेली, तिच्यातला क्रम मला महत्त्वाचा वाटतो. रयत पहिली.

फ्रान्सचा ग्रामीण सरदार, इथला 'सेन्यर', हा नुसता जमीनदार नव्हता. त्याच्या हद्दीत न्याय त्याच्या नावाने चाले. शेतकऱ्याने दळण त्याच्याच गिरणीत दळायचे, पाव त्याच्याच भट्टीत भाजायचा, आणि दोन्हीची पट्टी भरायची. वर जमिनीचा सारा आणि वेठ होतीच. शंभर वर्षांच्या युद्धाने ही घडी विस्कटली होती. गावे ओस पडली होती, परतणारी कुळे अटी घालू लागली होती. अशा वेळी डोंगरावर उभा राहिलेला किल्ला म्हणजे हक्कांचा दगडी जाहीरनामा. नुसता दिखावाच हवा होता तर लाकडी बाहुलीसारख्या खोट्या जंग्या का नाही केल्या, असे कोणी विचारेल. आझेमध्ये नेमके तेच झाले. तिथल्या कोपऱ्यावरच्या नाजूक बुरुजांना आणि वरच्या तटकड्याला लढाईचे काम फारसे नाही. तरीही राजाच्या खजिन्यातल्या अधिकाऱ्याने ते बांधून घेतले, कारण त्यांवाचून घर सरदाराचे दिसत नव्हते. हा अधिकारी दरबाराजवळ होता. त्याला खूण पुरली. बेरांजे दूर रानात, नाराज रयतेत आणि कुरबुरी शेजाऱ्यांत. त्याचा धाक खरा असायला हवा होता, आणि राजाच्या तोफखान्यापुढे न टिकणाऱ्या या जंग्या हाताच्या हत्यारांनिशी चालून येणाऱ्या जमावापुढे उत्तम टिकल्या असत्या.

याचा ताळा पुढच्या काळातल्या एका मालकिणीवरून जुळतो. 1761 मध्ये किल्ला मार्गरित द फ्युमेल यांच्याकडे आला. त्यांनी राहण्याजोगे महाल केले, फिरायला सपाट गच्ची केली, उचलते पूल जाऊन पक्के पूल आले. तोवर सरदारी हक्क भिंतींतून उठून वकिलांनी सांभाळलेल्या दप्तरांत जाऊन बसले होते, त्यामुळे तोफांची गरज उरली नव्हती. फ्रान्सच्या शेतकऱ्यांनाही हा बदल पक्का ठाऊक होता. 1789 च्या उन्हाळ्यात देशात ठिकठिकाणी जमावांनी सरदारांच्या वाड्यांत शिरून आधी दप्तरे मागितली आणि जाळली. पाठोपाठ याच पेरिगोर-केर्सीत छपरांवरची वातकुक्कुटे उपटली गेली, कारण तेही सरदारीचेच चिन्ह. बोनागीलची छपरे क्रांतीच्या काळात उतरवली गेली ती याच हिशोबात. त्याला निव्वळ नासधूस म्हणणे मला पटत नाही. 1860 मध्ये उरलेला सांगाडा फ्युमेलच्या नगरपालिकेने विकत घेतला, आणि आज तिकीट लावून तो दाखवते तीही तीच.