डावा कोपरा कोण?

दिवाळी झाली की गोंदिया जिल्ह्यात गावोगाव मंडई भरते, झाडीपट्टीच्या नाटकांनी रात्री जागतात आणि धान बांधीतून घरात आलं की कबड्डीचे सामने लागतात. विजेच्या झोतात, तणसावर बसून माणसं पहाटेपर्यंत सामने बघतात. त्यांचे डोळे असतात चढाई करणाऱ्यावर. टाळ्या त्याच्या, शिट्ट्या त्याच्या, गावभर नावही त्याचंच. मला बघायचं होतं ते पलीकडचं: सात जणांनी कुठे उभं राहायचं, कुणी कुणाचा हात धरायचा आणि पहिली झडप कुणी घालायची, हे कोण ठरवतं आणि कशावरून? म्हणून अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावच्या संघाबरोबर सरावाला जाऊन बसलो.

संघाला शिकवणारे शाळेत शिक्षक आहेत, पोरं त्यांना ‘सर’च म्हणतात. सराव संध्याकाळी, शाळेमागच्या मैदानात. माती खणून, चाळून, पाणी मारून केलेली. सरांनी आल्या आल्या काठीने जमिनीवर सात टिंबं काढली. दोन टोकांना दोन कोपरे, त्यांच्या आत दोन ‘इन’, मग दोन ‘कव्हर’ आणि मधोमध सेंटर. कोपरा आणि इन यांनी हात धरायचे ती एक साखळी डावीकडे, एक उजवीकडे. मधले तिघे एकत्र. ही २-३-२ ची मांडणी. दिसायला सोपी. पण तिचं खरं काम पहिला गडी बाद झाल्यावर सुरू होतं. सहा उरले तर २-२-२, पाच उरले तर २-१-२, चार उरले तर दोन जोड्या करायच्या की मधली जोडी ठेवून कोपरे सुटे सोडायचे? सरांच्या मते सात जणांची योजना कुणीही करतो. कोच ओळखावा तो चार जणांच्या योजनेवरून.

जागा किती, तेही लक्षात घ्यायला हवं. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद, म्हणजे एका संघाच्या वाट्याला साडेसहा मीटर खोली. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा. चढाई करणाऱ्याने गडी मारला नाही तर निदान ती तरी ओलांडून परतायला हवं. तिच्यामागे एक मीटरवर बोनस रेषा. बोनस रेषेमागे अंतिम रेषेपर्यंत उरतात जेमतेम पावणेदोन मीटर. सगळा बचाव मुख्यतः या पट्टीतला. फार मागे राहिलं तर समोरचा निवांत बोनस घेऊन जातो, पुढे आलं तर हात लागतो. त्यात बोनस मिळतो तो समोर सहा किंवा सात गडी असतानाच. पाच झाले की बोनस बंद, आणि कोपऱ्यांना मागे सरकायची मोकळीक मिळते. म्हणजे एक गडी कमी झाला की नुसता माणूस जात नाही, सगळ्यांची उभं राहायची खोली बदलते.

त्या संध्याकाळी खल चालला होता तो डाव्या कोपऱ्यावर. उजव्या हाताचा चढाईपटू समोरून येतो तेव्हा त्याचा हात पडतो बचावाच्या डाव्या बाजूला, आणि उजव्या हाताचेच जास्त असतात. त्यामुळे डावा कोपरा म्हणजे सगळ्यात जास्त हल्ले झेलणारी जागा. मागच्या हंगामात ती सांभाळणारा पोरगा नागपूरला कामाला गेलेला. घोटा धरण्यात तो पटाईत होता आणि अख्खी मांडणी त्याच्याभोवती बेतलेली होती: डावीकडे वाट मोकळी ठेवायची, चढाई करणाऱ्याला आत येऊ द्यायचं, पाय लांबवला की घोट्यावर झडप, बाकीच्यांनी वरून यायचं.

आता त्या जागी बसवायला दोघे होते. एक उंच, हाडापेराने दणकट, पण वाकायला जड. दुसरा किरकोळ, चपळ, पण समोरच्याचा जोर लागला की फरफटत जाणारा. किरकोळ पोराने आपली बाजू मांडली, “त्याले बोनस घेऊ द्या जी सर, वापस जाताना धरतो मी.” सर म्हणाले, “धरशील रे, पण मध्यरेषेपर्यंत त्याच्यासंगं जाशीन. मंग?” प्रश्न बिनतोड होता. पकडलेला गडी ओढत ओढत मध्यरेषेला टेकला तर त्याला हात लावलेले सगळे बाद. फसलेली एक पकड तीन माणसं खाते.

मी भाबडेपणाने विचारलं, जुनीच योजना ठेवून नवा कोपरा तिच्यात शिकवून तयार का करत नाही? सरांनी मातीतली टिंबं पायाने पुसली आणि म्हणाले की योजना त्या गड्याच्या हातात होती, तो गेला तशी तीही गेली.

अमेरिकन फुटबॉलमध्ये याच प्रश्नावर मोठमोठे प्रशिक्षक नेमले आणि काढले जातात. तिथे बचावाचे अकरा जण असतात; पुढच्या फळीत चार आणि त्यांच्यामागे तीन, की पुढे तीन आणि मागे चार, म्हणजे ४-३ की ३-४, हा तिथला जुना वाद. नवा प्रशिक्षक स्वतःची मांडणी घेऊन येतो आणि मग तिच्यात बसणारे खेळाडू शोधतो. पैसा असला की हे परवडतं. आपल्या प्रो कबड्डीतही लिलाव आहे. पुणेरी पलटणने २०२३ च्या लिलावात इराणच्या मोहम्मदरेझा शादलूला २ कोटी ३५ लाखांना घेतलं आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादच्या अंतिम सामन्यात हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवलं. पण पैशानेही माणूस विकत मिळतो, जोडी नाही. २०१५ साली यू मुंबाने विजेतेपद मिळवलं तेव्हा सुरेंदर नाडा आणि मोहित छिल्लर हे दोन कोपरे एकमेकांची हालचाल न बघता ओळखत. नंतर ते यू मुंबातून गेले तेही बरोबरीनेच. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत इराणने उपांत्य फेरीत भारताला २७-१८ असं नमवलं, त्यातही मला आठवतात त्या त्यांच्या न तुटणाऱ्या साखळ्या. नऊ गुणांनी हरण्याइतके आपले चढाईपटू खचितच कच्चे नव्हते.

सरांकडे लिलाव नाही, गावात आहेत तेवढीच पोरं. कुणी गवंड्याच्या हाताखाली, कुणी भरतीच्या तयारीत, कुणी धानाच्या चुकाऱ्याची वाट बघत असलेला. शेवटी त्यांनी ठरवलं ते असं: उंच पोराला डावा कोपरा द्यायचा, पण घोट्याचं काम त्याच्याकडून काढून घ्यायचं. त्याने जागा अडवायची, वाट आतल्या बाजूला वळवायची. किरकोळ पोरगा डावा इन. पहिली झडप त्याची, आणि ती पडताक्षणी डाव्या कव्हरने कमरेवर यायचं. म्हणजे सापळा कोपऱ्यातून उचलून दोन हात आत आणला.

दुसरा निर्णय जास्त धाडसी वाटला. पहिल्या दोन चढायांवर पकडच करायची नाही, मागे राहायचं. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाई करणारा बाद. प्रो कबड्डीमुळे हा डू ऑर डायचा नियम घरोघरी पोचला. तिसऱ्या वेळी समोरच्याला आत यावंच लागतं, तेव्हा झडप. पोरांना हे पचलं नाही. वीस-बावीस वर्षांच्या मुलाला समोर आलेला पाय सोडून द्यायला सांगणं सोपं नसतं, त्यातून बाहेरून गाव “धर, धर” ओरडत असताना.

मग सराव. किरकोळ पोराची झडप वेळेवर पडत होती, पण कव्हर अर्धा क्षण उशिरा पोचायचा. सरांनी झडप घालणाऱ्याला एका शब्दाने टोकलं नाही. सगळा वेळ त्या कव्हरवर घालवला. “त्याचा हात कायले पाहतेस? खांदा पाहा. खांदा पडला का तू निघ.” हे मला सरावातलं सगळ्यात मोलाचं वाटलं. झडपेचा इशारा हातात दिसेपर्यंत वेळ टळलेली असते. थोड्या वेळाने कव्हर खांद्यावर सुटायला लागला आणि चढाई करणारा जागच्या जागी बसायला लागला.

सामन्यात योजना पूर्वार्धात डळमळली. उंच पोरगा लवकर बाद झाला. बाद झालेले परततात ते बाद झालेल्या क्रमानेच, त्यामुळे बराच वेळ डावा कोपरा परका माणूस सांभाळत होता. तिघेच उरले तेव्हा मात्र इन आणि कव्हर दोघेही मैदानात होते. खांदा पडला, कव्हर सुटला, पकड झाली. तीन किंवा त्याहून कमी गड्यांनी केलेली ही अव्वल पकड, दोन गुणांची, शिवाय चढणारं लोण टळलं. संघ पुढच्या फेरीत गेला.

बक्षीस समारंभात ‘उत्कृष्ट चढाई’ होतं, ‘उत्कृष्ट पकड’ होतं. पकडीचं बक्षीस पहिली झडप घालणाऱ्याच्या नावे लागतं, तसंच लागलं. कव्हरचं नाव गुणपत्रिकेत कुठेच नव्हतं. यंदाच्या हंगामात बक्षिसं ठेवणाऱ्या गावकऱ्यांना आणि मंडळांना एवढीच विनंती: एक बक्षीस साथीच्या पकडीसाठी ठेवा. गुणलेखक टेबलाशी बसलेलाच असतो; त्याच्या वहीत एक रकाना वाढवला की झालं.