हाताचे खेळ आले, वाचायचे राहिले

२१ नोव्हेंबर १९९० रोजी जपानमध्ये निन्टेंडोचा सुपर फॅमिकॉम विक्रीला आला आणि ३ डिसेंबर १९९४ रोजी सोनीचं प्लेस्टेशन. मधली चार वर्षं म्हणजे जपानी व्हिडिओ गेमचा ऐन भराचा काळ. १९९१ मध्ये कॅपकॉमचा स्ट्रीट फायटर टू आणि सेगाचा सोनिक, १९९२ मध्ये सुपर मारिओ कार्ट आणि ड्रॅगन क्वेस्ट पाच, १९९३ मध्ये यू सुझुकी यांचा व्हर्च्युआ फायटर, १९९४ मध्ये फायनल फँटसी सहा. मारामारी, उड्या, शर्यती, कोडी, महिनोन्‌महिने चालणाऱ्या कथा. एकाच देशातून एकाच वेळी इतक्या तऱ्हा बाहेर पडत होत्या. त्यातलं आमच्या कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात काय पोचलं हे बघायला गेलं की एक गोष्ट ठळक दिसते. हातानं खेळायचे खेळ आमच्यापर्यंत आले, वाचून खेळायचे आलेच नाहीत. या दुसऱ्या खेळांची चुटपुट मला आजही आहे.

हा तालुका पूर्वी सुपा नावानं ओळखला जायचा. काळी नदीवर १०१ मीटर उंचीचं धरण झालं, सुपा गाव पाण्याखाली गेलं आणि तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं. उठलेल्या कुटुंबांतली बरीच रामनगरला वसली. या पाण्यावर नागझरीचं वीजघर चालतं, आणि तरी नव्वदच्या दशकात तालुक्यातल्या कितीतरी वाड्यांत रात्री रॉकेलचा दिवा लागत होता. टीव्ही गेम खेळायचा तर आधी वीज हवी, मग टीव्ही हवा, मग गेम. त्यामुळे या खेळांची गोष्ट मुख्यतः बेळगाव-गोवा रस्त्यावरच्या रामनगरची आणि दांडेलीच्या बाजारात जाणं-येणं असलेल्यांची आहे. आतल्या कुणबी वाड्यांतल्या पोरांनी हे खेळ पाहिले ते सुट्टीत पाहुण्यांकडे गेल्यावर.

घरात आला तो डबा 'सामुराई', 'लिटल मास्टर' अशा नावांनी विकला जाई. आतला जीव मात्र १९८३ च्या फॅमिकॉमचा. त्या यंत्राच्या नकला करणाऱ्या चिप तैवानमध्ये स्वस्तात होऊ लागल्या होत्या, म्हणून तो मध्यमवर्गीय घराला परवडला. म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरात १९९३ साल आणि पडद्यावर १९८५. मारिओ १९८५ चा, रणगाड्यांचा बॅटल सिटीही १९८५ चा, कॉन्ट्रा १९८८ चा. जपानमधली पोरं तोवर पुढच्या यंत्रावर गेली होती.

कॅसेटवर 'नव्याण्णव लाख नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव खेळ' असं छापलेलं असे. यादी खाली खाली सरकवत गेलं की तेच दहा-वीस खेळ नावं बदलून पुन्हा पुन्हा येत. कारण साधं आहे. मूळ सुपर मारिओ ब्रदर्स अवघ्या ४० किलोबाइटचा, तसले छोटे खेळ एका कॅसेटमध्ये सहज कोंबता येतात. मोठ्या कथांच्या खेळांना जास्त जागा लागते, शिवाय खेळ जिथं थांबवला ती जागा लक्षात ठेवायला कॅसेटमध्ये बटणाएवढी बॅटरी लागते. स्वस्त कॅसेटमध्ये ती कुणी घालत नसे. त्यामुळे आमच्याकडे खेळ म्हणजे एका बैठकीत संपवायची गोष्ट. मारिओ सातव्या दुनियेत पोचलेला असताना लाइट गेली की पुन्हा पहिल्या विटेपासून सुरुवात.

यातूनच तोंडी विद्या तयार झाली. कॉन्ट्रात तीस लाइफ मिळवायचा मंत्र, वर वर खाली खाली डावी उजवी डावी उजवी बी ए, कुणी कागदावर वाचलेला नव्हता, तो पोरांच्या तोंडातोंडी फिरला. कॉन्ट्रा काढणाऱ्या कोनामी कंपनीतले काझुहिसा हाशिमोतो यांनी तो १९८६ च्या ग्रॅडियससाठी बनवला होता, कारण तपासणी करताना तो खेळ त्यांना स्वतःला पुरा करता येत नव्हता. घरात कोकणी किंवा मराठी, सरकारदरबारी कन्नड आणि पडद्यावर जपानी किंवा मोडकं इंग्रजी, अशा ठिकाणी तो मंत्र सगळ्यांना सारखाच कळत होता.

नव्वदच्या दशकातलं खरं ताजं जपान भेटायचं ते शहरातल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये. तिथं घरच्या डब्यासारखा दशकभराचा उशीर नव्हता. स्ट्रीट फायटर टूच्या यंत्राला सहा बटणं: हलका, मधला, जोरकस ठोसा, आणि तशाच तीन लाथा. त्यातल्या रयू नावाच्या लढवय्याच्या हातून निळा गोळा सोडायचा तर दांडी खाली, तिथून न उचलता तिरकी, मग पुढे, आणि तेवढ्यात ठोसा. मनगट सैल ठेवलं तरच हे जमतं. शिकणारा शेजारी उभा राहून शिकवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे नाही, मनगटाकडे बघायचा. अकिरा निशितानी आणि अकिरा यासुदा यांनी रचलेल्या या खेळात एक भारतीय योगीही आहे, धालसिम. हात रबरासारखे लांबवणारा, तोंडातून आग ओकणारा, गळ्यात कवट्या घातलेला. असा योगी कुणी कधी पाहिला नव्हता, पण आपल्या देशाचं नाव जगाच्या नकाशावर उजळलेलं दिसलं की पोरं त्यालाच घ्यायची.

आणि मुस्तफा. कॅपकॉमच्या १९९३ च्या त्या खेळाचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, मार्क शुल्ट्झ यांच्या अमेरिकन चित्रकथेवरून बेतलेलं. महाराष्ट्रापासून आमच्यापर्यंत त्याला सगळे 'मुस्तफा' म्हणत, पिवळ्या टोपीतल्या त्या गड्यावरून. तिघं एकाच वेळी खेळू शकत, एकाचं नाणं संपलं तरी बाकीचे खेळ पुढे नेत. हा खेळ घरच्या कुठल्याही यंत्रावर अधिकृतपणे कधी आला नाही. त्यामुळे टोकियोतल्या पोराला आणि बेळगावच्या पोराला तो पार्लरमध्येच उभ्यानं खेळावा लागला. या एका बाबतीत आम्ही कुणाच्या मागे नव्हतो.

पण ज्या खेळासाठी मी हे सगळं लिहितो आहे, तो २७ सप्टेंबर १९९२ चा ड्रॅगन क्वेस्ट पाच. युजी होरीई यांची रचना, अकिरा तोरियामा यांची चित्रं. नायक लहान असतो तेव्हा वडिलांचं बोट धरून सांतारोझ नावाच्या खेड्यात राहतो. वडील त्याच्यासमोर मारले जातात, तो दहा वर्षं गुलामीत काढतो, सुटून गावी येतो तर गाव उद्ध्वस्त. मग लग्न, मुलं, पुन्हा ताटातूट. सगळी सृष्टी वाचवणारा तो वीर आपण नाहीच, आपला मुलगा आहे, हे मध्यावर कळतं. आणि पुढे एका चित्रातून नायक जुन्या, शाबूत सांतारोझमध्ये जातो. गल्ल्या तशाच, माणसं तीच, वडील जिवंत. तो मोठा झालेला, म्हणून वडील त्याला परका प्रवासी समजतात. त्याच गल्लीत त्याला स्वतःचं बालपणही भेटतं.

रामनगरच्या मुलांनी आजोबांच्या तोंडून सुप्याच्या बाजाराची, नदीकाठाची, बुडालेल्या घरांची वर्णनं ऐकली आहेत. गेलेल्या गावात एकदा फिरून यायची ही कल्पना त्या मुलांना कुणी समजावून सांगावी लागली नसती. क्योतोतल्या मुलापेक्षा ती त्यांना जास्त भिडली असती असं माझं ठाम मत आहे. पण खेळ जपानीत, यंत्र नवं आणि महाग, कॅसेटला बॅटरी. तो येण्याची एकही वाट नव्हती.

भाषेमुळे अडलेले आम्ही एकटेच नव्हतो. फायनल फँटसी पाच १९९२ मध्ये अमेरिकेत आलाच नाही. तिथल्या हौशी मुलांनी खेळाच्या आतली अक्षरं उकलून १९९८ मध्ये स्वतः इंग्रजी केलं. ड्रॅगन क्वेस्ट पाच इंग्रजीत अधिकृतपणे यायला २००९ उजाडलं. आता तो मोबाइलवर मिळतो, म्हणजे रेंज सापडली तर जोयड्यातही. मराठीत मात्र नाही.

अडचण अक्षरांची आहे असं म्हणणाऱ्यांनी जुना फॅमिकॉम पाहावा. त्यावर 'का'चा 'गा' करणाऱ्या दोन रेघांना त्याच चौकटीत जागा नसे, म्हणून त्या वरच्या ओळीतल्या वेगळ्या चौकटीत काढत. आपल्या मात्रा आणि वेलांट्या तशाच बसवता येतील, जोडाक्षरांना थोडे जास्त कष्ट पडतील इतकंच. संगणक शिकलेली आणि मराठी नीट लिहिणारी मुलं आता या तालुक्यातही आहेत. खेळाच्या मालकांची परवानगी काढून कुणी हे काम हाती घेणार असेल, तर सुरुवात याच खेळापासून करावी, आणि सांतारोझच्या म्हाताऱ्यांचं बोलणं रामनगरच्या म्हाताऱ्यांच्या बोलीत लिहावं.