थंड ज्वाला आणि पेढीवरची हवा

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा आकारास येत आहे. तिच्या प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजांतील नळ्यांमधून जवळजवळ सर्व हवा काढून घ्यावी लागणार आहे. या प्रकल्पातील सहभागी संस्थांपैकी एक म्हणजे गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था. रुग्णालयातील कचरा अतितप्त प्लाझ्माने विघटित करण्याचे तंत्र तिने विकसित केले आहे. त्या दाहक प्लाझ्माचे एक शीतल भावंडही आहे, आणि हवेतील दूषित वायूंशी त्याचा संबंध अधिक निकटचा आहे.

पेटलेली ट्यूबलाइट हाताला केवळ कोमट लागते. आतील इलेक्ट्रॉनांचे तापमान मात्र दहा हजार अंशांच्या आसपास असते. इलेक्ट्रॉन इतके हलके, की जड रेणूंवर आदळूनही ते त्यांना फारसे तापवू शकत नाहीत. १८५७ साली वेर्नर फॉन सीमेन्स यांनी काचेच्या नळ्यांतून असाच थंड विद्युत्‌विसर्ग घडवून ओझोन निर्माण केला. हेच तत्त्व दूषित हवेला लावले, की प्राणवायू व बाष्प यांचे रेणू फुटतात आणि त्यांतून निघालेले अतिक्रियाशील कण रंग, वार्निश, द्रावके यांच्या वाफांचे विघटन करतात. सगळी हवा तापवावी लागत नाही, हा मोठाच लाभ. हवा पुष्कळ आणि दूषित वायू विरळ असेल, तेथे तो विशेष जाणवतो.

मात्र वसमत-हिंगोलीच्या हळद व्यापाऱ्याची अडचण निराळी आहे. पॉलिशच्या ढोलातून उडणारी पिवळी धूळ हा वायू नव्हे. तिचे असे विघटन होत नाही. विद्युत्‌भार देऊन ती पत्र्याला चिकटवता येते, पण ती वेगळी युक्ती झाली. येथे ढोलावरचा शोषक पंखा, कापडी गाळणी आणि हमालांच्या तोंडावरील मास्क हेच खरे उपाय. यंत्र विकणारा हा भेद क्वचितच सांगतो!

आणखी एक गोष्ट तो सांगत नाही. वाफा अर्धवट फुटल्या तर फॉर्मल्डिहाइडसारखे घातक पदार्थ उरतात. शिवाय ओझोन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. म्हणून कारखान्यांत प्लाझ्मापुढे मँगनीज ऑक्साइडसारखा उत्प्रेरक बसवतात. त्यावर उरलेला ओझोन मोडतो. दुकानात वा घरात ‘प्लाझ्मा’ नावाचे यंत्र घेताना ते किती ओझोन सोडते, याचा लेखी आकडा मागावा. दिवसभर गादीवर बसणाऱ्या, दम्याचा त्रास असलेल्या वडीलधाऱ्यांच्या श्वासात तो जाणार आहे. यंत्र सुरू होताच येणाऱ्या ज्या उग्र वासाला विक्रेता ‘ताजेपणा’ म्हणतो, तो बहुधा ओझोनचाच असतो.