चाक सरळ आहे, पण कशाच्या मानानं?

तत्त्वज्ञानाचा माणूस व्हील अलाइनमेंटवर काय बोलणार, असं काहींना वाटलं असेल. पण अंकुशनगरात हा विषय परका नाही. कारखान्याचं गाळप सुरू झालं की उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ते भरतात, खड्डे वाढतात. एखादं चाक जोरात आदळलं की गाडी एका अंगाला ओढायला लागते.

आता, गाडी ओढते म्हणजे अलाइनमेंटच बिघडलं, हे अनुमान बरोबर का? न्यायशास्त्रात जुनं उदाहरण आहे. धूर दिसला तर अग्नी आहे म्हणता येतं. पण अग्नी आहे म्हणून धूर असेलच, असं नाही. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. अशा दगा देणाऱ्या हेतूला 'सव्यभिचार' म्हणतात. गाडी ओढणं हा तसाच हेतू. हवा कमी-जास्त असेल, ब्रेक धरून राहत असेल, रस्त्यालाच उतार असेल. आधी ही कारणं बाजूला काढा. मग टायरवरून आडवा हात फिरवा. एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं धारदार लागलं, तर संशय 'टो'वर.

टो म्हणजे काय? वरून पाहिलं तर दोन्ही चाकांची पुढची टोकं किंचित आत वळलेली असतील तर टो-इन, बाहेर असतील तर टो-आउट. हिशोब करून बघा. रिंगच्या एका कडेपासून दुसरीपर्यंत साधारण ४०० मिलिमीटर धरू. त्यात चाक २ मिलिमीटर तिरकं असेल, तर दर किलोमीटरला ते ५ मीटर आडवं घासलं जातं. १०,००० किलोमीटरला ५० किलोमीटर! टायर लवकर का जातो, ते यात आलं.

आता मोजायचं कसं? सपाट जागा घ्या, हवा सारखी भरा. चाक हलवून सांधे ढिले नाहीत ना ते बघा. ढिले असतील तर पुढे जाऊच नका. गाडी थोडी पुढे ढकलून थांबवा, स्टिअरिंग सरळ बांधा. दोन्ही बाजूंनी चाकाच्या मध्याच्या उंचीवर दोरी ताणा. पुढच्या चाकांच्या मध्यापासून दोरीचं अंतर डावी-उजवीकडे सारखं हवं, मागच्या चाकांचंही तसंच. पुढचं आणि मागचं अंतर मात्र एकमेकांत वेगळं असू शकतं, कारण पुढच्या-मागच्या चाकांमधली रुंदी नेहमी सारखी नसते.

मग दोरीपासून रिंगच्या पुढच्या आणि मागच्या कडेचं अंतर मोजा. पुढचं अंतर जास्त म्हणजे टो-इन. दोन्ही चाकांची बेरीज म्हणजे एकूण टो. किती हवा, ते गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात बघा. शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा चालत नाही. टाय रॉडचा लॉकनट सैल करून दोन्हीकडे सारखं, पाव-पाव फेरा फिरवा. कुठल्या दिशेनं फिरवल्यावर काय होतं, हे रॉड अॅक्सलच्या पुढे आहे की मागे यावर ठरतं. म्हणून फिरवा, गाडी पुन्हा ढकला, पुन्हा मोजा. शेवटी लॉकनट घट्ट करायला विसरू नका; तो सुटला तर चाकाचा ताबा जाईल. पहिली फेरी रिकाम्या रस्त्यावर, सावकाश.

गाडीखाली शिरायचं असेल तर नुसत्या जॅकवर भरवसा नको. खाली स्टँड आणि चाकांना दगड लावा. अपघात झालेली गाडी, किंवा लेन सांभाळणारे सेन्सर असलेली नवी गाडी, यंत्रावरच न्या. ओळंब्यानं कॅम्बर दिसतो, पण बऱ्याच छोट्या गाड्यांत तो सहज बदलता येत नाही.

आता सांगा, अलाइनमेंट नेमकं कुठल्या चाकात असतं? डाव्या नाही, उजव्याही नाही. ते दोघांच्या नात्यात असतं, आणि दोघांचं गाडीच्या मध्यरेषेशी असलेल्या नात्यात. म्हणून तर दोरी एका नव्हे, दोन्ही बाजूंना बांधायची. एकट्या चाकाकडे बघून 'हे वाकडं' म्हणता येत नाही. माणसांबद्दल बोलतानाही एवढं लक्षात ठेवलं, तरी पुष्कळ झालं.

प्रश्न असतील तर विचारा.